नायकानं निवडलेलं पाणी

खडकमाळच्या लोकांना बोलायची भारी हौस. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाच्या घरी काल कोंबडं कापलं, सगळं पारावर चघळलं जायचं. पण ज्या दिवशी बोलायला पाहिजे होतं, नेमक्या त्याच दिवशी अख्खं गाव मूग गिळून बसलं. हे सांगताना डोकं तापतं. तापलं तर तापू द्या.

निजामाचं राज्य होतं आणि दूर विलायतेकडं मोठी लढाई चालू होती. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरणाऱ्या लमाणांचा धंदा आगगाडीनं कधीच बुडवला होता. तांडे कामासाठी भटकायचे, आणि कुठं चोरी झाली की शिपाई आधी तांड्यात शिरायचे. मग वरून हुकूम निघाला: लमाणांनी आता एका जागी राहावं, गावानं त्यांना जमीन द्यावी, पाणी द्यावं, आपल्या बराबरीनं वागवावं. हुकूम चांगलाच होता. त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

धर्मसिंग नायकाचा तांडा असा खडकमाळच्या वाट्याला आला. गाव आखाडा बाळापूरच्या बाजारवाटेवरचं. गावाचा पाटील तातेराव. ज्या माळावर त्याची गुरं पिढ्यान्‌पिढ्या फुकट चरत होती तोच माळ तहसीलच्या साहेबानं तांड्याला कसायला दिला. अट एकच. जमीन दरसाल पेरली पाहिजे. एक पावसाळा जरी पडीक राहिली तरी ती परत गावाच्या खाती. तातेरावानं हात जोडून "जी हुजूर" म्हटलं, पण त्याच्या पोटात आग पडली ती पडलीच.

मग निघाली पाण्याची गोष्ट. गावाला पाणी दोन जागी. देवळामागं अरुंद तोंडाचा आड, दोरानं पोहरा सोडून शेंदायचा. आणि शिवेकडं जुनी दगडी बारव, चांगल्या रुंद पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरत जायची. साहेब मनानं सरळ माणूस. त्यानं दोन्ही ठिकाणं नायकाला दाखवली आणि गावासमोर म्हणाला, "नाईक, पसंद तुम्हारी. आड कि बावडी?"

नायकाची बायको भिकाबाई बायांच्या घोळक्यात उभी होती. नवऱ्याकडं बघताना तिला काळजी नव्हती. पाणी पारखावं तर धर्मसिंगानं. उभी हयात लमाणी बैलांमागं गेलेली. लमाणाची पाण्याची पारख एकच असते, लादलेला बैल पाण्यापर्यंत खाली उतरतो का? ज्या पाण्याला बैल तोंड लावू शकत नाही ते पाणी नसल्यातच जमा. धर्मसिंगानं आडात डोकावून बघितलं आणि नाक मुरडलं. बारवेच्या पायऱ्या उतरून तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला, ओंजळीनं प्याला आणि खुशीत हसला.

"बारव!" तो म्हणाला. "राजासारखं पानी हाय."

गाव चिडीचूप झालं. एक बाई खोकली, तेवढंच. तातेराव मिशीत हसत म्हणाला, "वा नाईक! नजर पारखी हाय बरं तुमची." साहेबानं विचारलं, बारवेत काही खोट तर नाही? तातेराव म्हणाला, "कायबी न्हाई हुजूर. पानी गोड हाय." आणि ते दुसरं वाक्य खोटं नव्हतं. पाणी गोडच होतं.

भिकाबाईच्या छातीत त्या दिवशी अभिमान मावत नव्हता. तिला वाटलं, जिथं जावं तिथं कुत्री अंगावर सोडली आमच्या, आणि इथं घडीव दगडाची बारव मिळाली. माणसात आलो बाई एकदाचे.

पहिलं वरीस सुखाचं गेलं. पाठीवर ओझं वाहणारे बैल विकून तांड्यानं औताचे बैल घेतले. भिकाबाईचा एकुलता एक पोरगा रूपसिंग नांगराला असा भिडला की बघणारानं बघत राहावं. माळावर ज्वारी माणसाच्या डोक्याच्या वर गेली. बाया सकाळ-संध्याकाळ बारवेत उतरायच्या, पाण्यात पाय सोडून बसायच्या, घागरी भरायच्या, गाणी म्हणायच्या. तातेराव घोड्यावरून जाताना ती ज्वारी बघायचा आणि थुंकायचा.

दुसऱ्या सालच्या जेठात घात झाला. आधी रूपसिंगच्या पोटरीवर फोड आला. आग अशी की तो दांडगा गडी लेकरावाणी रडायला लागला. त्यानं धावत जाऊन बारवेच्या पाण्यात पाय बुडवला तेव्हा कुठं बरं वाटलं. फोड फुटला आणि आतून सुतासारखा पांढरा किडा डोकावला. नारू! मग घरोघर तेच. कुणाच्या घोट्याला, कुणाच्या गुडघ्याला, एका म्हाताऱ्याच्या तर हाताला. जो तो पाय घेऊन बारवेत जाऊन बसायचा, कारण दुसरीकडं कुठं गार वाटतच नव्हतं. किडा काडीला गुंडाळायचा, रोज जरासा ओढायचा. घाई केली, तुटला, की पाय सुजून खांब. रूपसिंगचा तुटला. भिकाबाईच्या स्वतःच्या घोट्यातून एक निघत होता, पण तिला तो बघायला सवड कुठं होती?

तांड्याची जुनी रीत होती. रोगराई आली की तांडा उचलायचा. चूल तशीच सोडायची, मागं वळून बघायचं नाही. यावेळी उचलणार कसा? पाठीवर ओझं वाहणारे बैल विकलेले, अर्धी माणसं उठू न शकणारी, आणि शिपायाच्या परवानगीबिगर शीव ओलांडायची नाही असा हुकूम. बरं, जायचं तरी कशाला? जमीन होती ना. पहिल्यांदाच जमीन होती.

आणि ती जमीन पेरायची वेळ आली होती. मृगाचा पाऊस पडला, गावाची पेरणी सुरू झाली. तांड्याच्या माळावर मात्र औत तिरपं पडून होतं. भिकाबाईनं स्वतः तिफण धरून बघितली. चार पावलं गेली आणि घोटा असा पेटला की ढेकळातच बसली. ह्या पावसाळ्यात बी पडलं नाही तर माळ गेला, हे तिला चांगलं ठाऊक होतं. दिवसरात्र तिच्या डोक्यात तेवढाच एक विषय होता.

औषधाला एरंडाची पानं मागायला ती शालूबाईच्या वाड्यावर गेली. शालूबाई संतराम कुणब्याची बायको. भिकाबाई तिच्या रानात खुडणीला जायची, त्यामुळं दोघींची थोडीफार बोलचाल होती. शालूबाईनं अंगणातूनच पानं टाकली. मग तिची नजर भिकाबाईच्या घोट्याकडं गेली आणि तोंडातून निसटलं, "अगं बाई! बारवेचाच नारू गं ह्यो. माह्या सासूचे दोनी पाय असेच गेले व्हते."

भिकाबाईला आधी कळलंच नाही. "बारवेचा?"

"न्हाई तं काय! साती आसरा ऱ्हात्यात त्या बारवेत, खाली उतरलं की धरत्यात. आमच्या सासऱ्याच्या वक्ताला अर्धं गाव लंगडत व्हतं. म्हून तं आड खंदला. आड खंदला तवापासून गावात नारू न्हाई."

भिकाबाईच्या हातातली पानं खाली पडली. "मंग त्या दिशी काहून बोलल्या न्हाईत? सायबानं इचारलं, समदं गाव उभं व्हतं. तुमीबी उभ्या व्हत्या, शालूबाई!"

शालूबाईनं पदर सावरला. लाज वाटली असेल तर ती एवढीच. मग ती फणकारली. "आमी काहून बोलावं? पाटील गप्प, माहे मालक गप्प, मी कोण मधात तोंड घालणारी? आन् तुमच्याच नायकानं निवडली ना? आमी का ढकललं व्हतं?"

"कुत्रं जरी त्या पान्याकडं गेलं असतं तं तुमी हाड म्हटलं असतं."

"जास्ती बोलू नको. पानं घे आन् नीघ."

भिकाबाईनं पानं तिथंच सोडली. तांड्याकडं जाताना रडू आलं नाही, संताप आला. आसरा असोत नाहीतर आणखी काही, उतरून पाणी घेतलं की नारू आणि शेंदून घेतलं की नाही, एवढं ह्या गावाला मागल्या पिढीपासून ठाऊक होतं. आणि तिच्या नवऱ्याला गुडघाभर पाण्यात उभा बघून हे लोक मान डोलवत होते. अरे, तुमच्या तोंडाला काय लकवा भरला होता?

तिनं धर्मसिंगाला सांगितलं. तो खाटेवर पाय लांब करून बसला होता, त्याच्याही टाचेला काडी बांधलेली. त्याचा चेहरा पडला, पण मग तो ताठला. "नायकानं दिलेला शबुद हाय तो. नाईक चुकला म्हटलं तं तांडा उद्या कुनाचं ऐकंल?"

"तांडा उरला तं ऐकंल ना!" भिकाबाई ओरडली. "सायब येणार हाय जमीन बघाया. त्याला सांग, बारव नको, आड दे. आड भेटला तं पुढच्या साली तरी मानसं उभी ऱ्हातील. आन् माळाला सालभर सवलत माग. एवढं माग, दुसरं काय नको."

"बाईमानसानं पंचायतीत बोलायचं नसतं."

"मंग तूच बोल. म्या कवा नको म्हटलं?"

साहेब आर्द्रा सरल्यावर, पेरणीचे दिवस टळून गेल्यावर आला. तातेरावानंच सांगावा धाडला होता म्हणे. देवळामागं आडापाशी सतरंजी टाकली, गाव जमलं. तांड्यातून चालू शकणारे तेवढे आले, काठ्या टेकत, एकमेकांच्या खांद्यावर. गावच्या बाया नाकाला पदर लावून मागं सरकल्या. लंगडणारी ती रांग बघून साहेबाचा चेहरा कसनुसा झाला. तातेराव तेवढ्यात म्हणाला, "बघा हुजूर. आळशी जात. जमीन दिली, पानी दिलं, पर हे पाय धरून बसलेत. समदं रान पडीक. ह्यांचा रोग उद्या गावात यील."

साहेबानं धर्मसिंगाला विचारलं, "बावडी तुमने पसंद की थी ना?"

सगळ्यांच्या नजरा नायकावर. बोल, भिकाबाई मनात म्हणत होती, एक शब्द बोल रे! धर्मसिंगानं पागोटं नीट केलं, मान वर केली आणि म्हणाला, "व्हय साहेब. म्याच पसंद केली."

आणि गप्प बसला. पुढं काहीच नाही.

भिकाबाईला वाटलं, ह्याला आता इथंच बुकलावं. पण ती लंगडत पुढं आली, साहेबासमोर उभी राहिली. तांड्यातले म्हातारे "ए, ए" करायला लागले. तिनं लक्ष दिलं नाही.

"साहेब, नाईक चुकला. त्याला बैलाचं पानी कळतं, मानसाचं कळलं न्हाई. पर ह्या गावाला कळत व्हतं! बारवेत उतरलं की नारू व्हतो, हे हितल्या शेंबड्या पोराला म्हाईत हाय. म्हून तं आड खंदला. इचारा पाटलाला. इचारा ह्या शालूबाईला, तिच्या सासूचे पाय कशानं गेले? तुमी इचारलं, खोट हाय का, तवा हे समदे गप ऱ्हायले. आमचे पाय आमी मोडले न्हाईत, साहेब. ह्यांनी गप बसून मोडले."

शालूबाईनं मान खाली घातली. तातेरावाचा चेहरा काळाठिक्कर पडला. साहेब एकेकाकडं बघत राहिला आणि त्याला कळायचं ते कळलं. तो चिडला. तिथल्या तिथं त्यानं सांगितलं, आजपासून आड तांड्यालाही खुला, कुणी अडवलं तर शिपाई पाठवीन. तांड्यातून हुंदक्यासारखा आवाज उठला. भिकाबाईला क्षणभर वाटलं, जिंकलो.

"आन् जमीन, साहेब?" तिनं विचारलं. "ह्या सालापुरती सवलत द्या."

साहेबाची नजर खाली गेली. जमिनीची अट त्यानं घातलेली नव्हती, वरून आलेली होती. पडीक म्हणजे पडीक, कारण कुठलंही असो. त्याच्या हातात नाही. तो हळू आवाजात हेच सांगत राहिला आणि सांगताना घाम पुसत राहिला. माळ परत गावाकडं, आणि माळावरची तांड्याच्या वस्तीची जागाही.

तातेराव आता खुलला. "आन् हुजूर, हुकूम तं असा हाय ना, पानी गावकऱ्यायला बराबर? ज्यायची गावात जमीन न्हाई, वस्तीला जागा न्हाई, ते गावकरी कशाचे? आड खुला हाय की. गावकऱ्यायला."

साहेबाला ते मानावं लागलं. पाटलाचं म्हणणं हुकमाला धरूनच होतं.

पाण्यानं जमीन नेली आणि जमिनीनं पाणी नेलं. भिकाबाईला हसू फुटलं, वेडसर. काठी टेकत आलेल्या रूपसिंगनं "याडी, चल," म्हणत आईला ओढलं. तिनं आईचं मन बाजूला सारून त्याचा हात झटकला. आडाच्या काठावर कुणाचा तरी भरलेला पोहरा होता. तिनं तो ओढला, काठावर बसली आणि आग होणारा पाय सरळ त्यात बुडवला.

बायांनी किंकाळ्या फोडल्या. नारूच्या तोंडातून दुधासारखं पांढरं पाण्यात उतरताना सगळ्यांनी पाहिलं. तिनं पाय काढला, पोहरा उचलला आणि आडाच्या तोंडावर धरला. तातेराव दोन पावलं पुढं आला आणि थांबला. ओतलं तर? सारा गाव ह्याच आडावर पीत होता.

"भिका, न्हाई गं," शालूबाई रडत होती. "लेकरं पित्यात गं हितलं."

"माही पीत नव्हती का?"

ओतावं असं भिकाबाईला वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं, खोटं कशाला बोलायचं? शालूबाईच्या कडेवरचं लेकरू तिच्याकडं टकामका बघत होतं. तिनं पोहरा फिरवला आणि सगळं पाणी तातेरावाच्या पायापाशी मातीत ओतलं. आडात थेंब गेला नाही.

"थू तुमच्या गावावर," ती म्हणाली.

तांडा त्याच आठवड्यात निघाला. शिपायानं यावेळी परवानगी लगेच दिली. जे चालू शकत नव्हते त्यांना झोळीत घातलं. पुढं तांडा बाळापूरच्या अलीकडं एका वाण्याच्या रानात मजुरीला राहिला. तिथं साधी विहीर होती, मोटेची. पाणी दोरानंच यायचं. भिकाबाई येता-जाता सगळ्यांना बजावायची, पाण्यात पाय घालायचा नाही. धर्मसिंगाशी ती बरेच महिने बोलली नाही. रूपसिंगचा पाय कायमचा वाकडा राहिला.

पुढच्या जेठात बाळापूरच्या बाजारात तिला शालूबाई दिसली. मिरच्यांच्या ढिगापाशी ती काठी टेकून उभी होती. भिकाबाईची नजर आपोआप खाली गेली. शालूबाईच्या पोटरीवर काडी बांधलेली होती आणि काडीला पांढरं सूत.

भिकाबाईला आनंद झाला. झाला, त्यात काय लपवायचं? पोटात थंड वाटलं. मग शालूबाईच्या मागं तिचं लेकरू दिसलं, त्याच्याही पायाला फडकं गुंडाळलेलं, आणि तो आनंद नासला.

शालूबाईनं तिला बघितलं आणि तिचे ओठ आवळले. "सूड घेतलास ना? बघ, डोळे भरून बघ. नारू नसलेलं घर गावात ऱ्हायलं न्हाई. पाटलाची सून उठंना."

"म्या आडात काय टाकलं न्हाई. तुमच्या डोळ्यासमोर मातीत वतलं."

"लमाणीण आन् सोडून देईल? थेंब तरी पडलाच असंल. पाटीलबी तेच म्हनला. आड उपसून टाकला आमी, तरी कुनाची प्यायाची हिंमत हुईना. अजून न्हाई होत."

भिकाबाईनं विचारलं, "मंग वरीसभर कोन्तं पानी प्यालात?"

"बारवेचं. पाटील म्हनला, आसरांचं पोट भरलं आता, तुमच्या तांड्यानं भरलं. आता काय धरत न्हाईत त्या."

बाजारात गलका चालू होता. भिकाबाईच्या सगळ्या तांड्यानं पाय सोडलेलं पाणी ते. ह्या बयेला ठाऊक होतं की बारवेत नारू आहे, हिच्या सासूचे पाय गेले होते. तरी हिनं ते आपल्या लेकराला पाजलं, कारण लमाणीण पोहरा मातीत ओतू शकते हे हिला खरं वाटेना. आता गप्प बसायची पाळी भिकाबाईची होती. एक शब्द बोलू नकोस, तिचं मन म्हणालं, हे कधी बोलले होते?

लेकरानं काडीला हात लावला आणि कळवळलं.

"शालूबाई, ऐक," भिकाबाईनं तिचं मनगट धरलं. "आड चांगला हाय. माह्या रूपसिंगच्या गळ्याची आन. आजपासून आडाचं प्या. बारवेत कुनाला उतरू देऊ नका, लेकराचा पाय तं बिलकूल घालू देऊ नको. समदा रोग बारवेत हाय."

शालूबाईनं मनगट हिसडून सोडवलं. तिनं लेकरू उचलून छातीशी धरलं, जसं काही भिकाबाई ते हिसकावून नेणार होती.

"आडाचं प्या म्हनती," ती आसपासच्या बायांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "म्हंजे आडातच हाय काहीतरी."

आणि ती लंगडत गर्दीतून गावाच्या वाटेला लागली.